होडी नसलेला बाजार

मागच्या वर्षी एक रिलीज वेळेत गेलं (हे वाक्य पुन्हा लिहायची संधी कधी मिळेल देव जाणे) आणि त्या आनंदात आमची टीम चार दिवस थायलंडला जाऊन आली. बाकीचं जाऊ दे, ते सगळ्यांनी फोटोंत पाहिलंच आहे. मला लक्षात राहिला तो दामनोन सादुआकचा तरंगता बाजार. बँकॉकहून शंभरेक किलोमीटरवर. भल्या पहाटे निघायचं, अरुंद कालव्यात लांबट होडीत बसायचं आणि दुसऱ्या होडीत चूल मांडून बसलेल्या बाईकडून खायचं. मी त्या दिवशी काय काय खाल्लं याची यादी देत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. एक, नूडल्सची वाटी. वाटी इतकी छोटी की माझ्या मित्राला वाटलं हे सँपल आहे. तर म्हणे पूर्वी एका होडीतून दुसऱ्या होडीत मोठा वाडगा देताना रस्सा सांडायचा, म्हणून वाटीच छोटी केली. दोन, खनोम खोक. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं पीठ खळग्यांच्या तव्यात ओतून केलेला प्रकार. मी तवा पाहिला आणि मोठ्यानं मराठीत म्हणालो, "अरे, हे तर आप्पेपात्र!" शेजारच्या होडीतल्या नागपूरच्या काकू हसल्या. असो.

परत आल्यावर सवयीप्रमाणे वाचत बसलो. तो कालवा काही नैसर्गिक नाही. राजा मोंगकुट, म्हणजे चौथा राम, याच्या काळात १८६६ ते १८६८ मध्ये खणलेला, साधारण ३२ किलोमीटरचा, था चिन आणि मे क्लोंग या दोन नद्या जोडणारा. त्या काळी पाणी हाच रस्ता, म्हणून बाजार पाण्यावर. पुढे विसाव्या शतकात डांबरी रस्ते आले आणि बाजार जमिनीवर चढले. आज दामनोन सादुआकला जे दिसतं ते बरंचसं आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी चाललेलं आहे. पण तिथून जवळच था खा नावाचा एक बाजार आहे, त्याचे परंपरेनं ठरलेले दिवस वाचून मी चमकलो: चांद्र पंधरवड्याची द्वितीया, सप्तमी आणि द्वादशी. म्हणजे तिथीवर भरणारा बाजार! भरती-ओहोटी चंद्रावर आणि होडी पाण्यावर, त्यामुळे बाजारही चंद्रावर.

आणि मग डोक्यात आलं की वारावर भरणारा बाजार तर आपल्याकडेही आहे. पाटोद्याचा. ज्या बाजारात मी दहावीपर्यंत दर आठवड्याला पिशवी धरून आजीच्या मागे फिरलो, तिथे एक दिवस नुसतं खायला म्हणून मी कधी गेलोच नव्हतो. थायलंडला जाऊन बाजार बघायचा आणि गावचा बाजार म्हणजे कटकट! म्हणून या वर्षी दसऱ्यानंतर मुद्दाम बाजाराचा दिवस बघून सुट्टी टाकली आणि एसटी पकडली.

पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातला तालुका. बालाघाटच्या डोंगररांगेवर. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि सातशेच्या वर किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. पाणी आमच्याकडून निघतं आणि लातूरकडे जातं, आम्ही टँकरची वाट बघतो, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. होडी? होडी मी पहिल्यांदा खडकवासल्याला पाहिली.

पुण्याहून जाताना नगर, आष्टी, जामखेड, सौताडा आणि मग पाटोदा. या रस्त्यात एक गंमत आहे, ती मला इतकी वर्षं एसटीत झोपल्यामुळे कळली नव्हती. १९४८ च्या आधी नगर इंग्रजांचं, आष्टी निजामाचं, जामखेड पुन्हा इंग्रजांचं आणि पाटोदा पुन्हा निजामाचं. म्हणजे एका झोपेत तीन वेळा सरहद्द ओलांडायची! आणि सरहद्द म्हणजे नुसती रेघ नव्हे. निजामाच्या हद्दीत माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची. पैसे पण वेगळे. इंग्रजांचा तो कलदार रुपया, निजामाचा तो हाली. सात हाली दिले की सहा कलदार, असा साधारण हिशोब. आमचे पणजोबा शाळेत गेले नव्हते, पण सातास सहा हा हिशोब त्यांचा तोंडपाठ होता असं अण्णा सांगतात. जामखेडच्या बाजारात शेळी विकायची, कलदार घ्यायचे आणि पाटोद्याच्या बाजारात हालीत मीठमिरची घ्यायची. मी आज करन्सी कन्व्हर्जनच्या मॉड्यूलवर काम करतो, तेव्हा हे घराण्यात आहे म्हणायचं :)

सकाळी नऊला बाजारतळावर पोचलो तर पालं ठोकणं चालू होतं. आमच्या बाजारातले निम्मे दुकानदार पाटोद्याचे नाहीतच. आज इथे, उद्या दुसऱ्या गावी, परवा तिसऱ्या. टेम्पोत माल, टेम्पोतच जेवण, आठवड्याचे वार म्हणजे त्यांचं वेळापत्रक. तिकडे बाजार पाण्यावर तरंगतो, इकडे टेम्पोवर. एकेकाळी पेठेची व्यवस्था शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असायची, कोणी कुठे बसायचं ते बघायचं आणि आपला हक्क उचलायचा. आता एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि बैठकीचे पैसे गोळा करतो. जागेवरून भांडणं मात्र तीच असणार, ती काही बदललेली वाटली नाहीत.

पहिला घास भज्याचा. बाजारात भजी खायची तर दुसरा घाणा काढताना उभं राहायचं, पहिल्या घाण्यात तेल नीट तापलेलं नसतं, हे ज्ञान मला वडिलोपार्जित मिळालं आहे. कागदावर कांदाभजी, वर तळून मीठ लावलेल्या दोन मिरच्या. खाता खाता सहज विचार केला की या कागदावर आपल्या गावचं नक्की काय आहे? आणि तिथेच माझा दिवस बिघडला म्हणा किंवा सुधारला म्हणा.

मिरची अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचल्यावर ती जगात पसरली, आणि आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. नव्या फळाला नाव हवं म्हणून मिरीवरून 'मिरची' केलं. आता गंमत बघा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या अयुथ्येच्या दरबारात पोचला. तिकडेही मिरची गेली. थाई भाषेत मिरीला 'फ्रिक' म्हणायचे. मिरची आली आणि तिनं ते नावच बळकावलं, म्हणून बिचाऱ्या जुन्या मिरीला आता 'फ्रिक थाई', म्हणजे 'थाई फ्रिक', म्हणावं लागतं. घरच्या माणसाला आडनावानं हाक मारायची वेळ आली! म्हणजे दामनोन सादुआकच्या नूडल्समधली मिरची आणि माझ्या कागदावरची मिरची, दोघी एकाच घरच्या, एकाच दलालानं आणलेल्या.

मग मी वेड लागल्यासारखा बाजारभर हाच खेळ खेळत फिरलो. खारे शेंगदाणे? भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. बटाटा? शब्दसुद्धा पोर्तुगीज. टोमॅटो, मका, पेरू, सगळी तिकडचीच मंडळी. (पेरूला थाई लोक 'फरांग' म्हणतात, आणि गोऱ्या परदेशी माणसालाही फरांगच. लपवाछपवी नाही.) जिलेबी? अरबीतली जलाबिया, इराणमार्गे आलेली. भज्याचं बेसन ज्या हरभऱ्याचं, तो मुळात पश्चिम आशियातला, पण त्याला येऊन इतकी हजारो वर्षं झाली की त्याच्याकडे आता रहिवासी दाखला मागू नये. आणि सगळ्यात मोठा धक्का, सीताफळ. बाजाराच्या कडेला बायका पाट्या मांडून बसल्या होत्या, डोंगरातून पहाटे तोडून आणलेली, डोळे उघडलेली फळं. बालाघाटचं सीताफळ म्हणजे आमचा अभिमान, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालेलं आहे. सीतेचं नाव घेऊन बसलेलं हे फळही अमेरिकेचं. मी पाटीवाल्या मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग अमेरिकेत जाऊन खा की. हितं कशाला हात लावून ऱ्हायला?" मी निमूट डझनभर घेतली.

आमच्या बाजारात होडी नाही खरी, पण निम्मा बाजार जहाजातून उतरलेला आहे.

मग अस्सल गाववाला कोणी आहे की नाही? आहे. एका कोपऱ्यात एक आजी पोतं अंथरून बसल्या होत्या, समोर चार ढीग. त्यातला एक हुलग्याचा. हुलगा भारतातच माणसाळलेला आहे आणि दक्षिणेत तो चार-साडेचार हजार वर्षांपासून खाल्ला जातोय. मूग, उडीद, तूर, तीळ हीसुद्धा इथलीच. पण त्यांना प्रतिष्ठा आहे. हुलग्याला नाही. तो निकृष्ट रानात, कमी पावसात येतो, म्हणून तो गरिबाचा. हुलग्याचे शेंगोळे मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलला डब्यात नेले होते. रूममधल्या एकानं विचारलं, "हे काय, गांडूळ?" सगळे हसले, मी पण हसलो, आणि परत कधी नेले नाहीत. आता पुण्यात एका हॉटेलात हेच शेंगोळे मातीच्या भांड्यात देतात आणि बिल बघून घसा कोरडा पडतो. मी त्या आजींकडून मापटंभर हुलगे घेतले. त्यांनी वर मूठभर जास्त टाकले. पुण्यातल्या हॉटेलात पापडसुद्धा जास्तीचा मिळत नाही.

दुपारी एका पालात बसून ज्वारीची भाकरी आणि काळ्या तिखटाचं वांगं खाल्लं. पालवाले काका ओळखीचे निघाले, अण्णांच्या वर्गातले. मी म्हटलं, "काका, गर्दी कमी वाटतेय." ते म्हणाले, "आजून दोन बाजार बघ, मंग कुत्रं बी दिसायचं न्हाई." हे मला माहीत होतं, पण पुण्यात राहून विसरायला झालं होतं. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या गाळपासाठी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहायचं. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. बाजाराला दोन भरत्या, काकांनी सांगितलं. एक उचल हातात आल्यावर, दुसरी टोळ्या परतल्यावर. मधले महिने ओहोटी. था खाचा बाजार चंद्रावर चालतो, आमचा साखर कारखान्यांच्या बॉयलरवर.

ज्वारीकडे मात्र मी आदरानं बघत होतो. इतक्या परक्या मालात ही तरी आपली! पण एसटीत वाचलेलं आठवलं आणि तेही गेलं. ज्वारी मुळात आफ्रिकेतली, बाजरीसुद्धा. आपल्याकडे येऊन हजारो वर्षं झाली ही गोष्ट वेगळी.

हे सगळं शहाणपण घेऊन संध्याकाळी घरी आलो. आजी ओट्यावर बसली होती. तिला आता बाजारात जाववत नाही, गुडघे गेलेत. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "गोडी शेव आणलीस का?"

गोडी शेव म्हणजे बेसनाची जाडी शेव गुळाच्या पाकात घोळवलेली. आमच्याकडच्या बाजाराची खूण. बाजारातून येणारा माणूस पुडीशिवाय घरी आला तर लेकरं त्याला माणसांत धरत नाहीत. मी पुडी दिली. आजीनं चहा मागवला, कारण दात नाहीत, ती शेव चहात बुडवून मऊ करून खाते. मी तिला माझं ज्ञान ऐकवायला लागलो. मिरची अमेरिकेची, शेंगदाणे अमेरिकेचे, सीताफळ अमेरिकेचं. ती "आसंल" म्हणून शेव खात राहिली. मग मी म्हणालो, "आणि आजी, तुझी ती मिलो पण अमेरिकेची."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या घरात मिलो हा शब्द शिवीसारखा वापरतात. कोणाचं काम बेचव झालं की "मिलोच्या भाकरीवानी" झालं. १९७२ चा दुष्काळ. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती, आणि बहात्तरला पावसानं पाठच फिरवली. रानात काही नाही, विहिरी कोरड्या. सरकारनं दुष्काळी कामं काढली: खडी फोडायची, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातली एक माझी आजी, तेव्हा पंचविशीची, कडेवर आत्या. याच कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा हीच योजना नमुना म्हणून समोर होती. पुस्तकात हे एवढंच असतं. आजीच्या सांगण्यात असतं ते असं: हाताला फोड, दुपारी सुकडी, आणि रेशनला मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापली जात नाही, चिरते, रंग विटकरी, चव नाही. आणि लोकांत बोललं जायचं की अमेरिकेत हे जनावरांना घालतात. ते खोटंही नव्हतं. तिकडे तिचा मुख्य उपयोग जनावरांचं खाद्य हाच.

तर मी म्हणालो, "आजी, मिलो पण ज्वारीच की गं. दोघी आफ्रिकेच्या. एक बहीण इकडं आली, दुसरी अमेरिकेला गेली. बहात्तरला तुझ्या तव्यावर दोघींची गाठ पडली." मला हे वाक्य फार आवडलं होतं, एसटीत तयार केलं होतं.

आजीनं बशी खाली ठेवली.

"बहीन आसंल. पर जवारी आमी पेरली व्हती. काढली आमी, मळली आमी, पेवात घातली आमी. मिलो रांगंत हुभं ऱ्हाऊन पदरात घेतली. वर त्यो मापी मानूस माप मारायचा आन् मान वर करून बगायचा बी न्हाई. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी गप्प बसलो. खेळ माझ्याच अंगावर आला होता. धान्य कुठून आलं हे मी दिवसभर मोजत होतो, आणि ते हातात कसं आलं हा प्रश्न मला सुचलासुद्धा नव्हता. मावशींचं सीताफळ का त्यांचं, तर डोंगरात पहाटे काटे तुडवून तोडतं कोण म्हणून. हॉस्टेलात मी शेंगोळ्यांवर हसलो होतो, तेव्हा कदाचित मीही मान वर करून बघत नव्हतो.

मग तिनं आपणहून एक गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. त्याच वर्षी एकदा खडीचा पगार झाला तो बाजाराच्या दिवशी. मीठ, घासलेट घेऊन आठ आणे उरले. आत्या कडेवर, समोर गोडी शेवेचं पाल. आजीनं आठ आण्याची गोडी शेव घेतली. घरी आल्यावर आजोबा इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत. घरात दाणा नाही आणि हिला शेव सुचतेय! "मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. "काय म्हननार? खडी फोडली मी, शेव घेतली मी. त्येंला बी दिली चिमूटभर. खाल्ली की मुकाट्यानं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिकडं काय खाल्लंस मंग, त्या होडीत?" मी नूडल्स सांगितल्या, खनोम खोक सांगितलं, आप्पेपात्र सांगितलं, बाई होडीतच चूल पेटवते हे सांगितलं. आजीला बाकी कशात रस नव्हता. "पान्यावर चूल?" ती म्हणाली, "आन् पानी कुनाचं?" मी म्हटलं कालव्याचं, राजानं खणलेला. "मजुरी किती दिली?" हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं हुलग्याचं पीठ बांधून दिलं. शेंगोळे कसे वळायचे ते पुन्हा एकदा सांगितलं, पाण्याला उकळी आल्याशिवाय सोडायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो. स्टँडवर जाताना रस्त्याच्या कडेला एक ट्रक लागला होता. वर संसार भरणं चाललं होतं: पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, चुलीसाठी सरपण, दोन शेळ्या आणि एक सायकल. यंदा टोळी लवकर निघाली म्हणायची. खाली एक पोरगी, असेल सहा-सात वर्षांची, हातात कालच्या बाजारची पुडी घट्ट धरून उभी होती. तिच्या आईनं ट्रकवरून हात पुढे केला तरी तिला पुडी धरून चढता येईना, आणि पुडी कुणाकडे द्यायलाही ती तयार होईना.

शेवटी बापानं तिला पुडीसकट उचलून वर ठेवलं.

माझी एसटी वीस मिनिटं उशिरा आली. सौताड्याच्या पुढे, जामखेडची हद्द लागायच्या आत मी माझी पुडी उघडली.